पट्टी गळाली असेल

३ मार्च, सोमवार

बेटावरच्या वहीत फक्त आकडे लिहायचे, हा बाबांचा नियम. वारा, वेळ, पक्ष्याचा नंबर, घरट्याचा नंबर. "बाकी जे काय वाटतं ते घरी जाऊन दुसऱ्या वहीत लिही," असं पहिल्याच दिवशी म्हणाले होते. ही ती दुसरी वही. गेल्या हंगामात हिची पाच पानं भरली, त्यातली दोन माझ्या गुडघेदुखीबद्दल.

पक्षी आले. शनिवारी दीपगृहाच्या राखणदारांचा फोन आला होता. आम्ही त्यांना बत्तीकाका म्हणतो. बत्ती आता आपोआप लागते, पण नाव चिकटलंय. आज पहिल्या लाँचने मी बेटावर गेले. सुरय पक्ष्यांनी खालचा सगळा खडकाळ भाग व्यापलाय आणि जागेवरून नेहमीची भांडणं सुरू आहेत. कबुतराहून लहान, पांढरा, डोक्यावर काळी टोपी असा हा पक्षी आठ महिने समुद्रावर काढतो आणि अंडी घालायला याच बेटावर येतो. कोण परत आलं ते पाहणं हे माझं काम. आम्ही धरलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या उजव्या पंखावर, खांद्याशी, अंगठ्याएवढी नारिंगी पट्टी आहे. ती एका बारीक खिळीने कातडीत अडकवलेली असते. नंबर दुर्बिणीतून शंभर पावलांवरून वाचता येतो. ही पट्टी बाबांची. अठरा वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याचं झाकण कापून त्यांनी पहिली बनवली. आईने त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला होता, तो झाकणासाठी. त्याआधी पक्ष्याच्या पायात नुसती धातूची कडी असायची आणि तिचा नंबर वाचायला पक्षी हातात धरावा लागायचा. कडी आम्ही अजूनही घालतो. आधी कडी, मग पट्टी.

आज एकेचाळीस पट्ट्या दिसल्या.

संध्याकाळी बाबांनी खुर्चीतून विचारलं, "सत्तावन्न आली का?"

"नाही दिसली. पट्टी गळाली असेल, बाबा."

"हं," म्हणाले, कवळी काढून वाटीत ठेवली आणि खिडकीकडे तोंड केलं. कवळी काढली म्हणजे बोलणं संपलं. सत्तावन्न नंबरच्या मादीने त्यांचा अंगठा फोडला होता, त्याचा वण अजून आहे. ती शेवटची दिसली त्याला नऊ वर्षं झाली. दर मार्चमध्ये हाच प्रश्न आणि हेच उत्तर.

५ मार्च, बुधवार

वनखात्याकडून खोकी आली. चार हजार पट्ट्या. जिन्याखाली जागा नव्हती म्हणून चपलांचं कपाट बाहेर काढलं. उपसंचालक साहेबांचा सोबत फोन: अकरा बेटांवर एकदम सुरुवात करायची आहे, पट्टीला बाबांचं नाव द्यायचं ठरलंय, फक्त माझा अहवाल हवा. वीस तारखेपर्यंत. पट्टीमुळे पक्ष्याला अपाय होत नाही, असं अठरा वर्षांच्या आकड्यांवरून लिहून खाली सही करायची. मी म्हटलं, होईल. आकडे तयारच आहेत.

खोक्यांबरोबर एक पत्रही होतं. खात्यात आकडेवारी तपासायला नवीन बाई आल्यात. त्यांची एकच ओळ: "परत न दिसलेल्या पक्ष्यांपैकी २९० पक्ष्यांपुढे 'ग' लिहून ते जिवंत असल्याचं गृहीत धरलं आहे. पट्टी गळालेला पक्षी प्रत्यक्ष कोणी पाहिला आहे का?"

'ग' म्हणजे गळाली. लागोपाठ दोन हंगाम दिसला नाही की नंबरापुढे 'ग'. हा नियमही बाबांचाच. प्लास्टिक आहे, उन्हाने तडकतं, खिळी सुटते. या बाईंनी आयुष्यात कधी पक्षी धरला असेल असं वाटत नाही. उत्तर उद्या लिहीन.

नवऱ्याला पत्र वाचून दाखवलं. तो मागच्या खोलीत दातांच्या कवळ्या बनवतो, त्याचे हात कायम प्लास्टरने पांढरे. म्हणाला, "बाईंचं चुकलं काय? माझी कवळी बसली नाही तर माणूस दुसऱ्या दिवशी दारात येऊन शिव्या देतो. तुमच्या पक्ष्याला तोंड आहे, पण तक्रार करायला खिडकी कुठंय?"

"तुझ्या कवळीवर आणि माझ्या पट्टीवर एकच नियम लागत नाही."

"तुमच्या घराण्यात माणसालाही नंबरच द्यायचा बाकी आहे," म्हणाला. मग शांतपणे कवळीच्या दाढा घासत बसला.

८ मार्च, शनिवार

उत्तर लिहायला बसले आणि अडले. "होय, पाहिला आहे" असं लिहायला एक तरी तारीख लागते. नऊ वर्षांच्या माझ्या वह्या चाळल्या. एकही नाही. पण त्याला कारण आहे. पट्टी गळाल्यावर उरते ती पायातली कडी, आणि कडी दुर्बिणीतून दिसत नाही. सुरय पाय पोटाखाली घेऊन बसतो. म्हणजे पाहिला नाही हे खरं, पण कुणी बघायलाही गेलेलं नाही.

तेव्हा बघायला जायचं. पट्टी नसलेले पक्षी धरायचे आणि पाय तपासायचे. बेटावर पट्टी नसलेले साधारण दोन हजार. त्यांत माझे 'ग'वाले दोनशे नव्वद असतील, तर साठ पक्षी धरल्यावर आठ-नऊंच्या पायात कडी सापडली पाहिजे. म्हातारपणाने गेलेले वजा केले तरी सहा. शिवाय पंखावर खिळीचं भोक असेल. ते बुजत नाही, कान टोचल्यासारखं राहतं. चार दिवसांचं काम आहे.

बाबांना सांगितलं. जेवताना हात थांबला. विचारलं, "कुठल्या बाजूला धरणार?"

"खालच्या खडकावर. सगळे तिथेच असतात."

"हं." मग थोड्या वेळाने, "थंडी वाजते गं पायाला. माझे राखाडी मोजे काढून दे, खालच्या खणातले."

मार्चमध्ये मोजे. बाहेर दोरीवर निळे वाळत होते, ते आणून पायात घातले. वय झालं.

११ मार्च, मंगळवार

तीन दिवसांत साठ पक्षी. घरट्यावर तारेची टोपली तिरकी लावायची, पक्षी अंड्यावर येऊन बसला की दोरी ओढायची. अंडं तेवढ्यात गार होऊ नये म्हणून सात मिनिटांत सगळं उरकायचं: पिशवीत घालून वजन, पाय, पंख, सोडून दे. माझ्या दोन्ही मनगटांवर चोचीच्या खुणा आहेत. नवऱ्याने आयोडिन लावता लावता "आता तुझाही नंबर वाचता येतो" असा विनोद केला.

साठांत कडीवाले: दोन. दोघांच्या पंखाला भोक. म्हणजे पट्टी गळते, हे सिद्ध झालं. पण सहा यायला हवे होते.

साठ म्हणजे लहान नमुना. असं होतं.

१२ मार्च, बुधवार

असं होतं, पण तितकं होत नाही. काल झोपताना पुन्हा मांडून पाहिलं.

बाबा सकाळी म्हणाले, "दिव्याकडे कधी गेलीस का?" दिव्याकडे, म्हणजे बेटाच्या वरच्या टोकाला दीपगृहाच्या भिंतीखाली शंभरेक जोड्यांची एक लहानशी वसाहत आहे. तिथे आम्ही कधीच पट्ट्या लावत नाही. मी काम हातात घेतलं तेव्हा बाबांनीच बजावलं होतं, "तो तुकडा मोकळा ठेव, चढण वाईट आहे." खरंच वाईट आहे, शेवाळ असतं. त्या वेळी त्यांचं कंबरेचं दुखणं सुरू झालं होतं, मी कारण विचारलं नाही. पण पट्टी गळालेला पक्षी जागा बदलून तिथे गेला असेल तर? उद्या जाते.

"आणि माझे मोजे," बाबा म्हणाले.

"घातलेत की पायात."

"राखाडी."

"अहो, निळ्यांना काय धाड भरलीय?"

त्यांनी कवळी काढली.

१४ मार्च, शुक्रवार

सापडले! दोन दिवसांत दिव्याकडे चाळीस धरले आणि अकरांच्या पायात कडी! चाळीसांत अकरा. लाँचमध्ये चालवणाऱ्यालाही सांगितलं, त्याला काही कळलं नाही, पण त्याने भाडं घेतलं नाही. पट्ट्या गळतात आणि पक्षी वरच्या टोकाला जातात. का जातात ते नंतर बघू. आकडेवाल्या बाईंना मनातल्या मनात पत्र लिहूनही झालं. जरा खोचक झालं.

कड्यांचे नंबर उतरवून आणलेत. आज थकले आहे, उद्या नोंदवहीशी ताडते. घरी येताच बाबांना ओरडून सांगितलं, "अकरा मिळाले, बाबा!" त्यांचा चेहरा उजळेल असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "पंख पाहिलेस?"

घाईत पंख पाहिले नव्हते. चढणीवर एका हाताने तोल सांभाळायचा आणि दुसऱ्याने पक्षी, जमलं नाही. कडी होती, पुरे.

१५ मार्च, शनिवार

पुन्हा गेले. बत्तीकाकांना मदतीला घेतलं. ते पासष्टचे आहेत आणि शेवाळावरून माझ्यापेक्षा सराईतपणे चालतात. अकरांपैकी चार पुन्हा धरले. मी पाय धरले, काकांनी पंख उलगडला.

"ताई, याला भोकच नाही."

"पिसं बाजूला करा. कातडीत असतं, खांद्याशी."

"दिसतंय ना मला. कोरी कातडी आहे. याच्या पंखाला कधी काही लावलेलंच नाही."

चारही तसेच. मी बराच वेळ ती कोरी कातडी बोटाने चाचपत राहिले, सात मिनिटं उलटून गेली तेव्हा काकांनीच पक्षी माझ्या हातातून काढून घेऊन सोडला.

"काका, इथे कुणी नुसत्या कड्या घालून गेलं होतं का?"

"कुणी म्हणजे? तुमचे बाबाच. बारा वर्षं झाली असतील. आठवडाभर एकटेच येत होते. मग तीन वर्षं दर हंगामाला यायचे, धरायचे, लिहायचे. शेवटच्या वर्षी या पायरीवर बसून होते, पार दुपारपर्यंत. चहा दिला तो तसाच गार झाला. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

घरी आले. बाबा झोपले होते. त्या नंबरांच्या कड्या आमच्या कुठल्याही नोंदवहीत नाहीत. पहिल्या पाच वर्षांची वही आहे, सातव्यापासून पुढच्या आहेत. सहाव्या वर्षाची पानं कुठेतरी हरवली असतील, असं बाबा वह्या हवाली करताना म्हणाले होते. मी त्यांच्या खोलीत गेले आणि खालचा खण उघडला. राखाडी मोजे वरच होते. त्यांच्याखाली वही.

त्यातलं इथे उतरवते, कारण मला ते एकदा माझ्या हाताने लिहायचं आहे.

सहावं वर्ष. एकाच आठवड्यात पन्नास पक्ष्यांना दिव्याकडे नुसती कडी, पन्नास पक्ष्यांना खाली कडी आणि पट्टी. दोन्हीकडचे पक्षी तोलामोलाचे, वजनं सारखी. तीन वर्षांनी, नववं वर्ष: नुसत्या कडीचे परत आले सदतीस. पट्टीचे बावीस.

त्याखाली: "पुन्हा मोजले. तेच."

त्याखाली: "दिव्याकडे पट्टी लावायची नाही."

पुढची पानं कोरी. नवव्या वर्षीच ते निवृत्त झाले आणि त्यांनी मला पट्ट्यांची पक्कड दिली.

१६ मार्च, रविवार

आज बेटावर गेले नाही. नोंदवहीत शोधलं: त्या खालच्या पन्नासांपैकी यंदा दिसलेले तीन. दिव्याकडचे अकरा, आणि ते मी दोन दिवसांत, एका हाताने धरलेले. खरे जास्तच असतील.

पट्टीत दिसण्यासारखं काहीच नाही. वजनाला पिसाएवढी. हातात धरलेल्या पक्ष्याला काही होत नाही, उडून जातो, मासा पकडतो, अंडं उबवतो. पण आठ महिने वाऱ्याला एक खांदा किंचित जड. हजार कोसांवर कधीतरी ते किंचितच भारी पडतं, आणि तिथे दुर्बीण घेऊन कुणी बसलेलं नसतं. इथे माझ्या रकान्यात 'ग'.

अठरा वर्षांत आठशे साठ पट्ट्या. त्यांतल्या चारशे बारा माझ्या हातच्या. मी मोजल्या. बाबांनी मला पक्कड दिली तेव्हा त्यांना माहीत होतं. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, पण ते तसंच आहे. मला त्यांचा इतका राग आला आहे की सूप देताना वाटी आपटली. त्यांनी विचारलं नाही का ते.

नवरा म्हणाला, "आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला चावणार?"

मी म्हटलं, मस्करी नको. तो म्हणाला, मस्करी नाहीये.

१७ मार्च, सोमवार

उपसंचालक साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. म्हणाले, "मॅडम, कशाला हात दाखवून अवलक्षण? पन्नास पक्ष्यांवर काय ठरतं? तुम्ही अहवाल द्या, पुढे अभ्यास चालू आहे असं एक वाक्य टाका. बाबांच्या नावाचा कार्यक्रम ठरलाय. आणि एक लक्षात घ्या, हे बाहेर आलं तर आधी तुमची नऊ वर्षं बाद होतात. तुमचे सगळे तक्ते त्या 'ग'वर उभे आहेत."

ते खोटं बोलत नव्हते. माझ्या नावावर जे काही आहे ते त्या तक्त्यांवर आहे. पट्टी नाही म्हणजे शंभर पावलांवरून नंबर नाही, आणि नंबर नाही म्हणजे मी त्या खडकावर नक्की काय करते? शेचाळीसाव्या वर्षी याचं उत्तर शोधायला बसायची मला अजिबात हौस नाही. "एक वाक्य टाका" हे मी कागदावर लिहून पाहिलं. वाचायला चांगलं वाटतं, हेही लिहून ठेवते.

संध्याकाळी दिवे लावत होते. बाबांनी खुर्चीतून विचारलं, "सत्तावन्न आली का?"

तोंडावर नेहमीचं उत्तर आलं होतं. अगदी जिभेच्या टोकावर.

"मेली, बाबा. कधीच मेली."

त्यांनी हात तोंडाकडे नेला. मला वाटलं आता कवळी निघणार. पण त्यांनी ती अंगठ्याने दाबून नीट बसवली.

"हो," म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं."

"नऊ वर्षं."

"मग दर वर्षी विचारत का होतात?"

"तू काय सांगतेस ते बघत होतो."

"मी तुमचंच सांगत होते, बाबा."

ते अंगठ्यावरचा वण दुसऱ्या हाताने चोळत राहिले. मी लावायचा दिवा तसाच राहिला आणि आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत बसलो.

मग ते आपणहून बोलले. त्या वर्षी त्यांना खात्याने मानपत्र दिलं होतं. तीन देशांतून पट्टीचा नमुना मागवला होता. आई आजारी होती आणि तिला त्या मानपत्राचं फार कौतुक होतं, आल्या-गेल्याला दाखवायची. "म्हटलं, हिच्या डोळ्यांदेखत नको. नंतर सांगू. नंतर ती गेली, आणि तू इतक्या उत्साहाने कामाला लागलीस. म्हटलं, ही हुशार आहे, हिला कळेलच एक-दोन वर्षांत. मग मी नुसतं हो म्हणायचं."

"तुम्ही माझी परीक्षा घेत होता?"

"नाही गं. वाट बघत होतो. मला सांगता येत नव्हतं."

"मोजे मागता येत होते?"

"तेही तू निळे आणलेस," म्हणाले. मला हसू आलं आणि त्याचाही राग आला.

१९ मार्च, बुधवार

अहवाल लिहिला. चार पानं. पहिल्या पानावर आकडेवाल्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर: होय, दोन पक्षी पाहिले, सहा दिसायला हवे होते. दुसऱ्या पानावर सहाव्या वर्षाची वही. तिसऱ्यावर माझे तक्ते मागे घेत असल्याचं, 'ग' या नोंदीला कसलाही आधार नसल्याचं. चौथ्यावर शिफारस: पट्टी बंद करावी आणि जिवंत असतील त्यांच्या काढाव्यात.

वहीबद्दल लिहिताना अडले होते. "एका जुन्या निरीक्षकाच्या नोंदीनुसार" असं लिहिलं होतं. बाबांनी भिंग घेऊन सगळं वाचलं आणि तिथे बोट ठेवलं.

"हा जुना निरीक्षक कोण?"

"बाबा, कशाला उगाच..."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. पट्टीला माझं नाव देणार होते ना? मग या वहीलाही माझंच दे. वर्ष घाल. कळल्याचं वर्ष वेगळं आणि सांगितल्याचं वेगळं, दोन्ही घाल."

घातलं. माझ्याही नावापुढे चारशे बारा घातलं. मग सही केली.

२४ मार्च, सोमवार

अकरा बेटांचं काम थांबवल्याचं पत्र. कार्यक्रम "काही कारणास्तव" रद्द. साहेबांनी फोन घेतला नाही. माझी पुढच्या वर्षीची मंजुरी "विचाराधीन". आकडेवाल्या बाईंचंही पत्र आलं, पुन्हा एकच ओळ: "वहीचं मूळ पान पाहायला मिळेल का? मला तुमच्या वडिलांना भेटायचं आहे." बाबांनी ते दोनदा वाचलं आणि नवऱ्याला कवळी घासून द्यायला सांगितली.

९ एप्रिल, बुधवार

पट्ट्या काढतोय. आत्तापर्यंत छप्पन्न. खिळी कापायची, पट्टी ओढायची, भोकाला मलम, सोडून दे. पक्षी हाताला चावतो, लावताना चावला होता तसाच. त्याला दोन्हींत काही फरक वाटत असेल असं दिसत नाही.

पट्टी काढल्यावर तो उडाला की मी सवयीने दुर्बीण लावते. चार-पाच पंख मारेपर्यंत ओळखू येतो. मग थव्यात मिसळला की संपलं. छप्पन्न पक्षी असे माझ्याच हाताने हरवले. बत्तीकाका म्हणाले, "मी तर कधीच नंबर वाचले नाहीत ताई, तरी पस्तीस वर्षं बघतोय." त्यांना माझी समजूत काढायची होती. मला ते लागलं.

६ मार्च, शुक्रवार

जवळजवळ वर्षाने ही वही उघडली. मंजुरी आली, अर्ध्या पगाराची. पक्ष्यांची नुसती मोजणी करायची, दुरून. आकडेवाल्या बाईंनी जोर लावला म्हणतात. हिवाळ्यात त्या दोनदा येऊन गेल्या, बाबांशी तासन्‌तास बोलल्या, आणि बाबांनी एकदाही कवळी काढली नाही. जिन्याखालची खोकी खात्याने परत मागितली नाहीत. नवरा त्यांतल्या पट्ट्या कवळ्यांच्या साच्यांना अडकवतो, गिऱ्हाइकाचा नंबर म्हणून. म्हणतो, फार उपयोगी वस्तू आहे, एकही गळालेली नाही.

पक्षी आले. बत्तीकाकांचा फोन मंगळवारी. आज बाबांना बरोबर नेलं. लाँचमधून उतरवायला मी, नवरा आणि लाँचवाला असे तिघं लागलो. खडकापर्यंत त्यांना जमलं नाही, धक्क्यावरच्या बाकावर बसवलं, ब्लँकेट दिलं, पायात राखाडी मोजे. तिथून दुर्बिणीशिवाय नुसता पांढरा कल्ला दिसतो.

मी दोन तासांनी परत आले. त्यांनी विचारलं, "किती?"

"दोन हजार एकशे. सुमारे."

"ओळखीचं कोण?"

"माहीत नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि वही मागितली, बेटावरची, आकड्यांची. भिंग घरी राहिलं होतं. पान डोळ्यांजवळ नेऊन कोरा रकाना शोधला, जिथे मी आजवर 'ग' लिहीत आले, आणि तिथे बोट ठेवून म्हणाले, "इथे लिही मग."

लिहिलं: 'माहीत नाही'. आकडा किंवा 'ग' नसलेली ती त्या वहीतली पहिली नोंद आहे. त्यांनी ती वाचली, वही मिटली आणि परतीची लाँच येईपर्यंत मांडीवर धरून बसले.